घोड्याचें रक्त, उंटाचें रक्त

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्यें माढा तालुक्याची जमीन पसरलेली आहे. खुद्द गांवांत राव रंभा निंबाळकरांचा किल्ला आहे, माढेश्वरीचें देऊळ आहे. पण बाहेरच्या मनुष्यास या तालुक्याची ओळख असते ती बहुधा कुर्डुवाडी जंक्शनमुळें, किंवा उजनीच्या धरणामुळें. हें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि जेथें पूर्वीं ज्वारीचें कोरडवाहू शिवार होतें तेथें ठिकठिकाणीं उंसाचे फड उभे राहिले. फडांत उंदरांस अन्न मिळतें आणि सापांस उंदीर व आडोसा अशा दोन्ही गोष्टी मिळतात. अशा फडांत वाकून काम करणाऱ्या मनुष्यास घोणस चावली म्हणजे त्याला उचलून दवाखान्यांत नेतात, आणि तेथें जी कुपी उघडतात तिच्या तळाशीं चिमूटभर पांढरी भुकटी असते. ती पाण्यांत विरघळवून शिरेंतून देतात. ही भुकटी म्हणजे घोड्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें होत. मात्र तीं संपूर्ण नव्हेत, तीं मुद्दाम कापून लहान केलेलीं असतात.

प्रतिद्रव्य कापून लहान करण्याची ही कल्पना कोठून आली, आणि ती आज रुग्णाच्या खाटेपासून निघून जिवंत पेशीच्या पोटांत कशी जाऊन पोंचली, हा इतिहास सव्वाशें वर्षांचा आहे. त्याचा आरंभ सापापासून नव्हे, रोगजंतूंपासून झाला.

१८९० च्या डिसेंबरांत बर्लिन येथें एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो किटासाटो यांनीं असें दाखविलें कीं, धनुर्वाताचें विष थोडथोडें टोंचून ज्या जनावराला तें पचविण्याची संवय लावली, त्याच्या रक्तांतील निवळ भाग दुसऱ्या जनावरास टोंचला तर तेंही त्या विषापासून बचावतें. या निवळीला रक्तजल म्हणावें. लस आणि रक्तजल यांत पुष्कळ सुशिक्षित माणसेंही गोंधळ करतात, म्हणून भेद सांगितलेला बरा. लस म्हणजे बियाणें: तें शरीरांत पेरावें, पीक येण्यास कांहीं आठवडे लागतात, पण आलेलें पीक आपलें असतें. रक्तजल म्हणजे शेजाऱ्याकडून उसनें आणलेलें पसाभर तयार धान्य. आजची भूक भागते, उद्यांसाठीं कांहीं उरत नाहीं. साप चावलेल्या मनुष्यास पीक येईपर्यंत थांबतां येत नाहीं, हें उघड आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, प्रगट झाला. वाल्डेमार हाफकीन ऑक्टोबरांत मुंबईस आले आणि १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षीं मुंबईंत दुसरा एक प्रयोग चालू होता, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. प्लेगचा जंतु हुडकून काढणारे अलेक्झांडर येर्सँ हे मार्च १८९७ मध्यें घोड्याच्या रक्तजलाच्या बाटल्या घेऊन मुंबईस उतरले. त्यांच्या मागोमाग फ्लॉरेन्सचे प्राध्यापक अलेस्सांद्रो लुस्टिग यांनीं आपलें निराळें रक्तजल आणलें, आणि आर्थर रोडच्या इस्पितळांत डॉ. नसरवानजी चोक्सी यांनीं तें शेंकडों रोग्यांस देऊन पाहिलें. येर्सँ यांच्या पदरीं निराशा आली. लुस्टिग यांच्या रक्तजलाचा गुणही बेताचाच ठरला. कारण आतां सहज कळतें. एका घोड्याचें रक्तजल दुसऱ्यासारखें नसे, एका बाटलींत प्रतिद्रव्य किती हें नक्की मोजण्याची सोय नव्हती, आणि औषध घोड्याच्या प्रकृतीवर अवलंबून असे. त्याच १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीस धावूं लागली. १९०६ सालीं तिचा फांटा पंढरपुरास पोंचला. रेल्वेनें वारकरी जात, धान्य जाई, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर व पिसवाही जात. प्लेग पिसवांवाटे पसरतो हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराची येथें दाखविलें होतें, पण तें सर्वमान्य होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

रक्तजलाचा खरा उपयोग सर्पदंशावर झाला. फ्रान्सचे आल्बेर काल्मेत यांनीं १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलें, आणि कांहीं काळ अशी समजूत होती कीं एकाच रक्तजलानें सर्व सापांचीं विषें उतरतील. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लँब यांनीं या शतकापूर्वींच्या शतकाच्या, म्हणजे विसाव्याच्या आरंभीं, ही समजूत खोडून काढली: नागाचें प्रतिविष घोणशीपुढें निरुपयोगी ठरतें. प्रतिद्रव्य आपल्या शत्रूस ओळखतें तें इतक्या नेमकेपणानें, कीं शेजारच्या बिळांतील दुसऱ्या सापाचें विष त्याला परकें वाटतें. औषधाच्या दृष्टीनें हा दोष होता. पुढें संशोधनाच्या दृष्टीनें हाच गुण ठरणार होता.

म्हणून हिंदुस्थानांत चार सापांचें विष एकाच घोड्यास टोंचण्याची पद्धत रूढ झाली: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. हें काम प्रथम कसौली येथें आणि नंतर मुंबईंत परळच्या हाफकीन संस्थेंत चाले. परळच्या संस्थेंत डॉ. पी. जे. देवरस यांनीं साप पाळून, त्यांचें विष काढून, कोणता साप किती विष देतो याच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवल्या. सापांविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९६५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि सर्पमित्रांच्या एका पिढीचें तें पाठ्यपुस्तक होऊन बसलें. १९७५ सालीं औषधनिर्मितीचें काम निराळ्या महामंडळाकडे गेलें. पिंपरीच्या तबेल्यांतील घोडे मराठी खेड्यांतील किती माणसांच्या रक्तांतून फिरून गेले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

परंतु उसन्या रक्ताला एक मोल द्यावें लागतें. घोड्याचें प्रथिन मनुष्याच्या शरीरास परकें वाटतें. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनीं १९०५ सालीं अशा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें: रक्तजल दिल्यावर आठ-दहा दिवसांनीं ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी. कांहीं रोग्यांस तर लागलीच घुसमट होई आणि रक्ताचा दाब उतरे. तेव्हां रक्तजलांतील उपयोगी भाग ठेवून उपद्रवी भाग टाकतां येईल काय, हा प्रश्न उभा राहिला. १९३० ते १९४० या दशकांत, विशेषतः इंग्लंडांतील वेलकम प्रयोगशाळेंत सी. जी. पोप यांनीं, रक्तजलावर पेप्सिन सोडून पाहिलें. पेप्सिन म्हणजे पोटांत मांस पचविणारें द्रव्य. त्यानें प्रतिद्रव्याचा कांहीं भाग पचून गेला, परंतु विष पकडण्याची शक्ति शाबूत राहिली.

येथें थोडें थांबण्यासारखें आहे. पोप यांच्या वेळीं प्रतिद्रव्याचा आकार कसा असतो हें कोणासच ठाऊक नव्हतें. कारखान्यांतील माणसें अंधारांत कात्री चालवीत होतीं आणि कात्री बरोबर जागीं पडत होती. ती जागा कोणती, हें कळण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९५९ च्या सुमारास रॉडनी पोर्टर यांनीं पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेननें प्रतिद्रव्य कापलें, जेराल्ड एडलमन यांनीं त्याच्या साखळ्या सोडविल्या, आणि चित्र स्पष्ट झालें. या कामाबद्दल दोघांस १९७२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रतिद्रव्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, किंवा आपल्याकडील गोफणीच्या बेचक्यासारखा, असतो. दोन जड साखळ्या, दोन हलक्या साखळ्या. बेचक्याच्या दोन टोंकांशीं शत्रु पकडण्याच्या चिमट्या, आणि खालीं दांडा. घोड्याच्या प्रतिद्रव्याचा उपद्रव बराचसा या दांड्याकडून होतो. पेप्सिन दांडा खातें आणि दोन चिमट्या जोडलेल्या तशाच ठेवतें. माढ्याच्या दवाखान्यांतील कुपींत आज असतें तें हेंच दांडा काढलेलें बेचकें. दांडा गेल्यानें उपद्रव कमी झाला, नाहींसा झाला नाहीं. म्हणून प्रतिविष देतांना डॉक्टर अजूनही ॲड्रिनॅलिन भरून हाताशीं ठेवतात.

आतां पेशीकडे वळावें. १९४१ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील अल्बर्ट कून्स यांनीं अशी कल्पना मांडली कीं, प्रतिद्रव्य जर आपला शत्रु इतक्या अचूकपणें शोधतें, तर त्याला चकाकणारा रंग चिकटवून पाठवावें, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं तें जेथें चमकेल तेथें शोधलेली वस्तु आहे असें समजावें. औषध होतें तें आतां हुडकण्याचें साधन झालें. १९७५ सालीं केंब्रिज येथें जॉर्ज कोलर व सेझर मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचें प्रतिद्रव्य अखंड निर्माण करण्याची युक्ति शोधली, आणि पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळा प्रतिद्रव्यांच्या बाटल्यांनीं भरून गेल्या.

या साधनांत दोन उणीवा होत्या. पहिली अशी कीं, संपूर्ण प्रतिद्रव्य जिवंत पेशींत शिरत नाहीं. पेशी मारून, ती कठिण करून, तिच्या आवरणास भोकें पाडूनच तें आंत सोडावें लागतें. त्यामुळें शास्त्रज्ञास दिसे तें पेशीचें प्रेत. जिवंत व्यवहार दिसत नसे. प्रतिद्रव्याचा जनुक पेशींत घालून तिच्याकडूनच तें घडवून घ्यावें म्हटलें, तर चार साखळ्या गंधकाच्या टांक्यांनीं जोडाव्या लागतात, आणि पेशीच्या अंतर्भागांतील रसायन असें आहे कीं तेथें हे टांके टिकत नाहींत. दुसरी उणीव मापाची. प्रतिद्रव्य स्वतः दहा-पंधरा नॅनोमीटर लांब, आणि बहुधा रंग लावलेलें दुसरें प्रतिद्रव्य त्याच्यावर बसविलेलें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. जुन्या सूक्ष्मदर्शकांत एवढें अंतर दिसतच नसे, म्हणून कोणाचें अडलें नाहीं. परंतु ज्या सूक्ष्मदर्शनास २०१४ चें नोबेल मिळालें, त्याची दृष्टि वीस नॅनोमीटरपर्यंत पोंचली, तेव्हां निशाण वस्तूपासून तितकेंच दूर असणें ही मोठीच अडचण झाली. मोजणीदारानें हद्दीच्या दगडावर निशाण रोवण्याऐवजीं शेजाऱ्याच्या बांधावर रोवावें, आणि मग नकाशा अचूक असल्याचा दावा करावा, तसें तें होतें.

उत्तर मिळालें तें उंटाकडून. १९८९ सालीं ब्रसेल्सच्या फ्लेमिश विद्यापीठांत प्राध्यापक रेमाँ हामर्स यांच्या प्रयोगवर्गांत विद्यार्थ्यांस रक्तांतील प्रतिद्रव्यें निराळीं करावयाचीं होतीं. मनुष्याचें रक्त वापरण्यास विद्यार्थी कचरत, कारण एड्सच्या भीतीचे ते दिवस होते. आणि उंदीर मारण्याचीही त्यांस इच्छा नव्हती, असें सांगतात. शीतपेटींत निद्रारोगाच्या अभ्यासासाठीं ठेवलेलें उंटाचें रक्तजल शिल्लक होतें. तें घेतलें. नेहमींच्या प्रतिद्रव्यांबरोबर त्यांत कांहीं आंखूड प्रतिद्रव्येंही आढळलीं. एखाद्या शिक्षकानें नमुना नासला असें म्हणून तें मोरींत ओतलें असतें, आणि तसें केल्याबद्दल कोणीं दोषही दिला नसता. हामर्स यांनीं ताजें रक्त आणवून पुन्हा पाहिलें, परिणाम तोच. उंटाच्या रक्तांतील सुमारें निम्म्या प्रतिद्रव्यांस हलक्या साखळ्या मुळांतच नव्हत्या. ३ जून १९९३ रोजीं नेचर साप्ताहिकांत हा शोध प्रसिद्ध झाला. लामा आणि अल्पाका हे उंटाचे दक्षिण अमेरिकेंतील भाऊबंद. त्यांच्यांतही तेंच आढळलें. पुढें १९९५ सालीं शार्क माशांतही निराळ्या वाटेनें उत्पन्न झालेलीं एकसाखळी प्रतिद्रव्यें सांपडलीं. उंट आणि शार्क यांचें सूत जुळेल असें कोणत्याही पुराणिकाला सुचलें नसतें!

या शोधाचें महत्त्व असें. नेहमींच्या प्रतिद्रव्याची चिमटी दोन साखळ्यांच्या टोंकांनीं मिळून होते; एक टोंक तोडलें तर पकड ढिली पडते आणि उरलेलें टोंक पाण्यांत गोळा होऊन बसतें. उंटाची चिमटी मात्र एकाच टोंकाची असते, आणि तें टोंक तोडून घेतलें तरी तितकेंच घट्ट पकडतें. संपूर्ण प्रतिद्रव्याचें वजन दीड लक्ष डाल्टन. हा तुकडा सुमारें पंधरा हजारांचा. लांबी चार नॅनोमीटर, रुंदी अडीच. पोर्टर यांनीं पपेननें जो तुकडा कापला होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हा लहान, आणि तो कापण्यासाठीं अर्धें काम निसर्गानेंच करून ठेवलेलें. नॅनोबॉडी हें नांव त्याला बेल्जममधील एका कंपनीनें दिलें. मराठींत त्याला लघुप्रतिद्रव्य म्हटल्यास चालेल.

तें तयार करण्याची रीत अशी. अल्पाकाला किंवा उंटाला हवें तें प्रथिन कांहीं आठवडे टोंचतात. मग त्याचें थोडें रक्त घेऊन प्रतिद्रव्यांचे जनुक निराळे काढतात. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंच्या पाठीवर हे तुकडे बसवितात, आणि लक्षावधींतून जे हव्या त्या प्रथिनास चिकटतील तेवढेच वेंचतात. ही वेंचणी जॉर्ज स्मिथ यांनीं १९८५ सालीं शोधलेल्या युक्तीनें होते. तिचें नोबेल २०१८ सालीं त्यांस व ग्रेगरी विंटर यांस मिळालें. वेंचलेला जनुक साध्या आंतड्यांतील जंतूंत घातला कीं ते जंतु तुकडा हवा तितका करून देतात. उंट आपला चरावयास मोकळा. २०१८ पासून तर उंटाचें रक्तही न घेतां, कृत्रिम जनुकांचा संग्रह किण्वावर बसवून, लघुप्रतिद्रव्यें निवडतां येऊं लागलीं.

येर्सँ यांच्या बाटल्यांची आठवण येथें पुन्हा होते. घोडा मेला कीं त्याचें रक्तजल संपलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळांत विकत आणलेल्या प्रतिद्रव्यांचीही तीच गत होती. एका बाटलीनें आलेला निष्कर्ष दुसरीनें येईना. २०१५ सालीं अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्यूकथुन यांनीं शंभरावर शास्त्रज्ञांच्या संमतीनें नेचरमध्यें मागणी केली कीं, प्रतिद्रव्याची ओळख त्याच्या जनुकाच्या अक्षरांनीं व्हावी. लघुप्रतिद्रव्य लहान असल्यामुळें त्याचा सारा पाठ चार ओळींत लिहितां येतो, आणि तो ज्याच्या हातीं आला त्याला पुण्यांत काय किंवा बर्लिनमध्यें काय, तेंच साधन पुन्हा घडवितां येतें.

आणि तें पेशीच्या आंत काम करतें. एकच साखळी, त्यामुळें जोडणीचा प्रश्न नाहीं. २००६ सालीं म्युनिच येथें उलरिख रोथबावर आणि हाइनरिख लेओनहार्ट यांनीं उंटाच्या तुकड्याचा जनुक चकाकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकास जोडून जिवंत पेशींत सोडला. पेशीनें तो तुकडा स्वतःच घडविला, तुकड्यानें आपलें लक्ष्य गांठलें, आणि पेशी दुभंगत असतांना तिच्यांतील वस्तु कशा हलतात हें प्रत्यक्ष पाहतां आलें. २०१२ सालीं अतिसूक्ष्म दर्शनासाठींही असाच तुकडा वापरला गेला. निशाण आतां हद्दीच्या दगडाजवळ आलें. त्याच वर्षीं बासेल येथें मार्कुस आफोल्टर यांच्या प्रयोगशाळेंत आणखी धीट प्रयोग झाला. पेशींत टाकाऊ प्रथिनें फोडण्याची व्यवस्था असतेच. लघुप्रतिद्रव्याला त्या व्यवस्थेचा एक भाग जोडला आणि फळमाशींतील निवडक प्रथिन पेशीकडूनच नष्ट करविलें. जनुकास हात न लावतां एक कामगार कमी केला, तर कारखान्यांत काय अडतें हें पाहण्याची ही सोय आहे.

सर्वांत गाजलेलें उदाहरण मात्र ब्रायन कोबिल्का यांचें. पेशीच्या आवरणांत ॲड्रिनॅलिनचा निरोप घेणारें एक प्रथिन असतें. निरोप घेतांना तें क्षणभर आकार बदलतें, आणि तो बदललेला आकार इतका चंचल कीं त्याचें चित्र मिळेना. ब्रसेल्सचे यान स्टेयार्ट यांनीं लामापासून असें लघुप्रतिद्रव्य मिळविलें कीं तें त्या आकाराच्या फटींत पाचरीसारखें जाऊन बसे. उघडलेलें दार उघडेंच राहिलें. २०११ सालीं चित्र प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं कोबिल्का आणि रॉबर्ट लेफकोविट्झ यांस नोबेल मिळालें. प्रतिविष देतांना डॉक्टर जें ॲड्रिनॅलिन हाताशीं ठेवतात, त्याचा निरोप पेशी कसा वाचते हें उंटाच्या भाऊबंदाच्या रक्तानें दाखविलें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

मग हेंच साधन उलट वाटेनें औषधाकडे, घोणशीच्या दंशाकडे, परत येईल काय? रक्ताच्या एका दुर्मिळ विकारावर कॅप्लासिझुमॅब नांवाचें असें पहिलें औषध २०१८ सालीं युरोपांत मान्य झालें. हिंदुस्थानांत उंटाच्या प्रतिविषाचे प्रयोग बिकानेर येथें झाले आहेत, कारण तेथें फुरसें आहे आणि उंटही. २०२४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील कार्तिक सुनगर आणि अमेरिकेंतील स्क्रिप्स संस्थेंतील त्यांचे सहकारी यांनीं नाग-मण्यारीसारख्या सापांच्या विषांतील मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या एका मोठ्या गटावर एकच कृत्रिम मानवी प्रतिद्रव्य चालतें असें दाखविलें. २०२५ च्या ऑक्टोबरांत डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठांतील आंद्रेआस लाउस्टसेन यांच्या गटानें आठ लघुप्रतिद्रव्यांचें मिश्रण प्रसिद्ध केलें; आफ्रिकेंतील अठरा सापांपैकीं सतरांच्या विषापासून त्यानें उंदीर वांचविले.

त्या अठरांत घोणस नाहीं. ते सर्व साप नागाच्या कुळांतले. त्यांचें विष मुख्यतः लहान रेणूंचें असतें, आणि लहान रेणूंस लहान चिमटी पुरते. घोणशीचें विष निराळें. त्यांत मोठमोठीं पाचकद्रव्यें असतात, तीं रक्त नासवितात, मूत्रपिंडें बिघडवितात आणि चाव्याच्या जागेंतून दिवसेंदिवस रक्तांत झिरपत राहतात. लघुप्रतिद्रव्य आकारानें इतकें लहान कीं मूत्रपिंडें तें कांहीं तासांत गाळून टाकतात; पेशीच्या आंत जो गुण, तो येथें अडचण होतो. तुकड्यांस एकमेकांशीं जोडून मोठें करणें हा त्यावरील उपाय आहे आणि त्याचे प्रयोग चालू आहेत. म्हणजे प्रतिद्रव्य कापून लहान करण्यांत गेलेल्या नव्वद वर्षांनंतर शास्त्रज्ञ तें पुन्हा थोडें वाढवूं लागले आहेत.

भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी अठ्ठावन्न हजार माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. २०३० पर्यंत हा आंकडा निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें जाहीर केली. त्या योजनेच्या हातीं आज जें प्रतिविष आहे तें घोड्याचेंच आहे, आणि त्यासाठीं लागणारें विष बरेंचसें तामिळनाडूंतील इरुळा गारुड्यांच्या, १९७८ सालीं स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतें. तेथील घोणशीच्या विषावर तयार झालेलें प्रतिविष दुसऱ्या प्रांतांतील घोणशीवर तितकेंच चालेल अशी खात्री नसते. जॉर्ज लँब यांनीं दोन निराळ्या सापांविषयीं जें सांगितलें, तें एकाच सापाच्या दोन मुलुखांविषयींही थोडेंफार खरें निघालें आहे. माढ्याच्या फडांतून आणलेल्या रोग्यास डॉक्टर आधीं दहा कुप्या देतात, वीस मिनिटांत गोठतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याचें थोडें रक्त कांचेच्या नळींत ठेवतात, आणि सहा तासांनीं तें पुन्हा पाहून पुढच्या कुप्या उघडावयाच्या कीं नाहीं तें ठरवितात.